'नासिक बॉईज' म्हणजे आपल्याच नाशिकची मुलं का?

गोदाकाठची: आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याच्याबद्दल वाचताना त्याच्या आफ्रिकन सोबत्यांना 'नासिक बॉईज' म्हटलेलं दिसलं. मी शरणपूर रोडला वाढले, पण हे कधीच कानावर आलं नाही. ही मुलं इथे आली कशी?

सह्याद्री_वारा: जंजिऱ्याचे सिद्दी असतील.

माजी_इतिहास_शिक्षक: नाही हो, सिद्दी वेगळे. ते कित्येक शतकं आधीपासून कोकण किनाऱ्यावर आहेत, जंजिऱ्यावर त्यांनी राज्य केलं. ही मुलं १९व्या शतकातली. पूर्व आफ्रिकेतून पळवून अरबी गलबतांतून विकायला नेत असताना इंग्रजी आरमाराने ती गलबतं पकडली. सुटलेल्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरवलं आणि त्यातली काही मुलं शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात आली. तिथे लिहिण्या-वाचण्याबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवत.

गावही गेलं, आईबापही गेले, अशी ही लेकरं. आपल्या शाळांत काळाराम शिकवतो, पेशवाई शिकवतो, मग ही मुलं का नाहीत? ती नाशिकचीच होती.

त्यातला जेकब वेनराइट तर प्रत्येक नाशिककराला माहीत हवा. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि त्याच झाडाच्या खोडावर नाव नि तारीख कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात नि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि चुमा, सुसी, जेकब वगैरे मंडळींनी पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. फेब्रुवारी १८७४ उजाडला पोहोचायला. एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता.

गोदाकाठची: सर, अंगावर काटा आला. चुमा आणि सुसीसुद्धा इथलेच?

माजी_इतिहास_शिक्षक: नाही, पुष्कळ ठिकाणी तशी गल्लत होते. चुमा मुंबईच्या मिशन शाळेत होता, सुसी मुंबईच्या गोदीत कामाला.

सह्याद्री_वारा: मग बाकीची मुलं गेली कुठे?

माजी_इतिहास_शिक्षक: बरीच जण आफ्रिकेत परतली. नाशिकचा आश्रम चालवलेले पाद्री प्राइस १८७४ मध्ये मोंबासाला गेले. तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेरटाउन वसलं, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रेर यांच्या नावाने. तिथल्या शाळा, चर्च, कारखाने उभे करण्यात आपल्याकडून गेलेल्यांचा मोठा वाटा. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. लिव्हिंग्स्टनचा देह वाहणारा मॅथ्यू वेलिंग्टनही नाशिकचाच विद्यार्थी, तो १९३५ पर्यंत मोंबासात होता.