भरत नाट्यची जुनी संगीत नाटकं कोणी पाहिलीत?

नाट्यवेडी: पुण्यातली भरत नाट्य संशोधन मंदिर ही नाट्यसंस्था १८९४ पासूनची, हौशी कलाकारांनी जपलेली. आईबाबांना न्यायचंय, सौभद्र की संशयकल्लोळ?

पेठकर: आधी संशयकल्लोळच! नाटककार गो. ब. देवलांनी मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं कथानक इतकं आपलं केलंय की परकं वाटतच नाही. बेशुद्ध रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, मागून तिचा नवरा फाल्गुनराव बघतो आणि तिथून जो घोळ सुरू होतो ना, मी तिथे पोट धरून हसलोय.

सूरश्री: गाण्यांसाठी सौभद्र बघा हो, १८८२ चं नाटक पण अजून ताजं. समोर ऑर्गन-तबला लाइव्ह, वन्समोअर आला की पद परत, आईबाबा खूश होतील.

नाट्यवेडी: ठरलं, आधी संशयकल्लोळ, मग सौभद्र!