चेस्टर बेनिंग्टन: आजार की स्वतःचा निर्णय?

रातकिडा
परवा ग्रुपवर लिंकिन पार्क या रॉक बँडवरून विषय निघाला आणि जो वाद पेटला तो अजून चालूच आहे. २० जुलै २०१७ ला त्यांचा गायक चेस्टर आत्महत्या करून गेला, वय ४१, मागे सहा मुलं. तेव्हा कॉर्न बँडच्या गिटारिस्ट ब्रायन वेल्शने फेसबुकवर हा भेकडपणा आहे असं लिहिलं, लोक तुटून पडले, मग त्याने सारवासारव केली. आमच्यातले अर्धे म्हणतात बोलला ते कडू पण खरं, बाकीचे म्हणतात कॅन्सरने गेलेल्याला भेकड म्हणाल का. मला दोन्ही अर्धवटच पटतं. शेवटी निर्णय त्याचाच होता ना?

गोदाक्का
वेल्श स्वतः डिप्रेशन आणि ड्रग्जमधून गेलेला, चेस्टरचा जुना दोस्त. तो राग होता हो, त्याला विश्लेषण समजून वाद घालणारे आपणच येडे. १९९४ मध्ये निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन असाच गेल्यावर सिअ‍ॅटलच्या शोकसभेत त्याच्या बायकोचा, कोर्टनी लव्हचा, रेकॉर्ड केलेला मेसेज वाजवला होता, त्याची शेवटची चिठ्ठी वाचता वाचता ती मधेच रडतेय, मधेच त्याला शिव्या घालतेय. ज्या घरात हे घडतं तिथे असंच असतं, फक्त बाहेर कोणी बोलत नाही.

निशाचर
सायकिअ‍ॅट्रीत काम करतो म्हणून लिहितो. रिचर्ड सायडेनने १९७८ मध्ये एक अभ्यास छापला, १९३७ ते १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर जीव द्यायला आलेल्या ज्यांना वेळेत अडवलं अशा ५१५ जणांचं पुढे काय झालं याचा. सुमारे ९४ टक्के एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक कारणाने गेलेले. थंड डोक्याने घेतलेला पक्का निर्णय असता तर आज अडवलं म्हणून उद्या थांबले असते का? ती वेळ टळली की बहुतेकांना जगायचं असतं. (वाचणाऱ्यांपैकी कोणी आत्ता त्या वेळेत असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट. किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा, खरंच उठवा.)

खवचट_खान
ठीक, पण मग माणूस उरतो कुठे? चेस्टर लहानपणच्या लैंगिक अत्याचाराबद्दल, व्यसनाबद्दल मुलाखतींत उघड बोलायचा. एवढी स्वतःची जाण असलेल्या माणसाला केमिकल लोचा म्हणून एका फटक्यात निकालात काढायचं, हा पण अपमानच की.

निशाचर
लोचा तुम्ही म्हणालात, मी नाही :) जाण असते, पण त्या घटकेला ती हाताशी नसते. त्याच्या बायकोने, टॅलिंडाने, नंतर एक व्हिडिओ टाकला होता, जाण्याच्या ३६ तास आधीचा. घरच्यांबरोबर जेली बीन्स खातोय, खळखळून हसतोय. तेही खरंच होतं, नाटक नव्हतं. आणि वर्षानुवर्षं तो टिकून राहिला, त्याचं श्रेय आजाराला नाही ना देणार? ते त्याचंच. शेवटची एक रात्र घेऊन अख्ख्या माणसाचा निकाल लावायला निघालोय आपण.

रातकिडा
सायडेनचं माहीत नव्हतं, ग्रुपवर टाकतो. वेल्शवाले ऐकतील असं नाही, त्यातला एक तर स्वतःच हल्ली फार गप्प असतो, त्याला आधी फोन लावतो.