आयव्हीएफचं ट्रान्सफर झालं, आता बीटा टेस्टपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

शेवंती:
परवा ट्रान्सफर झालं, म्हणजे पाच दिवस वाढवून गोठवलेला (फ्रोझन) गर्भ गर्भाशयात सोडला. बीटा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, 14व्या दिवशी. कूस बदलली तरी धस्स होतं. सासूबाई म्हणतात, "टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर राहणार नाही." आता टेन्शनचंच टेन्शन. आधी घरी टेस्ट करू का?

रातराणी:
सासूबाईंची माया खरी, कारण चुकीचं. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास एकत्र तपासले गेले, 3,583 स्त्रियांचे. उपचाराआधीच्या ताणाचा गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध दिसला नाही. जिना चढून, कूस बदलून गर्भ निसटत नाही. दिवसभर पडून राहण्याचाही फायदा नाही, उलट काळजीला रान मोकळं.

लक्षणं मोजू नकोस. छाती जड होणं, पोट फुगणं, सुस्ती, बद्धकोष्ठता हे सगळं गर्भ टिकावा म्हणून दिलेलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही करतं, गर्भ राहो न राहो.

घरची टेस्ट लवकर केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. एचसीजीचं, म्हणजे टेस्ट जे हार्मोन शोधते त्याचंच, इंजेक्शन घेतलं असेल तर खोटी पॉझिटिव्हही. ते 10 ते 14 दिवस अंगात राहू शकतं. खरी गोम पुढे आहे: एकच रेघ बघून प्रोजेस्टेरॉन बंद केलं जातं. डाग दिसला तरी डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायचं नाही. योनीत ठेवायच्या गोळ्यांनी आतली त्वचा चुरचुरूनही डाग येतो. रक्तस्राव जास्त असेल किंवा पोटात जोरात दुखलं, तर मात्र लगेच फोन.

कुंदा:
बीटाच्या दिवसाचं आत्ताच ठरवा. रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो, आणि नेमका ऑफिसात. आकडा अधलामधला आला तर 48 तासांनी पुन्हा रक्त देतात. सगळ्यात वाईट ते दोन दिवस, सुट्टी त्यांच्यासाठी राखा. नातेवाइकांना तारीख सांगू नका. "आम्हीच कळवू" हे नवऱ्याने सांगावं, सुनेने नाही.

केवडा:
काळजीला रोज 15 मिनिटं द्या, वहीत उतरवा, वही मिटा. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, सारखं रडू येतंय आणि हे दोन आठवडे टिकलं, तर समुपदेशकाला भेटा. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021च्या एआरटी कायद्यानुसार समुपदेशन ही क्लिनिकची जबाबदारी आहे, मागायला संकोच नको. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: 14416, मोफत, रात्रीही, मराठीत. नैराश्याची गोळी चालू असेल तर मनाने थांबवू नका; दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा.

शेवंती:
लॅबला ह्यांचा नंबर देते. किट कपाटात, किल्ली ह्यांच्याकडे.