मदत हवी आहे: कुरआनातल्या गोष्टी अशा तुकड्यातुकड्यांत का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहाजण दर रविवारी एकत्र बसून निरनिराळे धर्मग्रंथ वाचतो. पुढच्या रविवारी कुरआनातल्या कथांवर मी बोलायचं आहे आणि अडकलोय. मराठी भाषांतर समोर आहे, अरबी येत नाही.

मूसाची (बायबलमधला मोशे) गोष्ट घ्या. २८व्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात (अल-कसस), ती तान्ह्या मूसाला पाण्यात सोडण्यापासून सुरू होते. २०व्या सूरहमध्ये तो मोठा झालेला, दूरवर दिसलेल्या विस्तवाकडे निघालेला. २६व्यात तर सुरुवातच फिरऔनच्या (मिसरच्या राजाच्या) लोकांकडे जाण्याच्या हुकमाने. साल नाही, वंशावळ नाही. बायबल आधी वाचलं असल्यामुळे मला हे सगळं ओळीने ऐकायची सवय.

१८व्या सूरहमधल्या गुहेत झोपलेल्या तरुणांचं तर नवलच. ते होते किती? कोणी म्हणेल तीन, चौथा कुत्रा. कोणी पाच, सहावा कुत्रा. कोणी सात, आठवा कुत्रा. आणि उत्तर काय, तर त्यांची संख्या माझा पालनकर्ताच जाणतो, उगाच वाद घालू नका! कुत्रा मात्र दर वेळी मोजलाय.

गोष्ट सांगायची आणि तपशील गाळायचा, यामागे हेतू काय? 'बोध' एवढं एका शब्दातलं उत्तर नको, तेवढं मलाही सुचलंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

आमच्या घरी दर शुक्रवारी सूरह कहफ, म्हणजे हीच १८वी, वाचतात, त्यामुळे या कुत्र्याशी जुनी ओळख आहे.

हेतू कुरआनातच आहे. ११व्या सूरहची १२०वी आयत (वचन) बघा: प्रेषितांच्या हकिगती तुला सांगतो त्या तुझं मन घट्ट व्हावं म्हणून. हे 'तुझं' म्हणजे पैगंबर मुहम्मद (स.) यांचं. मक्केत त्यांच्याच कुरैश टोळीतले भाऊबंद त्यांना खोटं ठरवत होते. म्हणून जशी वेळ, तसा गोष्टीचा तुकडा. २६वी सूरह एका बैठकीत वाचा. मूसा, इब्राहीम, नूह, हूद, सालेह, लूत, शुऐब, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद: यात खूण आहे, पण बहुतेकांनी मानलं नाही. सूरहच्या सुरुवातीचं एक धरून आठ वेळा. हे कोणाला उद्देशून आहे, ते मक्केत ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागलं नसेल.

तुमच्या कीर्तनातही उत्तररंगातलं आख्यान पूर्वरंगातल्या अभंगासाठीच असतं ना? सुदाम्याला मुलं किती, हे तिथे कोण विचारतं?

आणखी एक. 'किस्सा' हा आपला शब्द अरबीतलाच, फक्त आपण तो गमतीजमतीपुरता ठेवला. मूळ धातूला माग काढणं असाही अर्थ आहे. अल-कससमध्येच मूसाची आई आपल्या मुलीला सांगते, 'त्याच्या मागावर जा.' तिथे हाच धातू आलाय.

धागाकर्ता:

मनापासून आभार! सुदाम्याची मुलं रविवारी वापरणार. माग काढण्याचं तर मला भाषांतरात कधीच दिसलं नसतं.

पण मग यूसुफ (बायबलमधला योसेफ)? १२व्या सूरहमध्ये लहानपणच्या स्वप्नापासून ते स्वप्न खरं होईपर्यंत सगळी गोष्ट एका जागी, ओळीने. भावांना माफ करणंही त्यातच. जशी वेळ तसा तुकडा, तर इथेच अख्खी गोष्ट का? हे कोणी सांगू शकेल का? रविवारच्या आत कळलं तर बरं.