कोकणात दहा हजारांत चौघांचं घर? आधी हिशेब तरी नीट मांडा

शेणसडा (गुहागर तालुका)

‘निवृत्त_निवांत’ यांनी गेल्या आठवड्यात लिहिलं की कोकणात चौघांचं घर महिना दहा हजारांत राजासारखं चालतं. तांदूळ घरचा, नारळ माडावर, भाजी परसात, मासे समुद्रात, सरपण रानात. वर जाता जाता टोला मारला: ‘गावच्या लोकांना काटकसर जमत नाही, सगळा पैसा रिचार्ज आणि चायनीजच्या गाडीवर जातो.’ खाली लाइकांचा पाऊस. त्यातले निम्मे बोरिवली-डोंबिवलीचे असणार.

मी गप्प बसणार होते. पण सासूबाईंनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “त्याला एकदा लावणीला बोलाव.” म्हणून लिहितेय.

घरचा तांदूळ म्हणजे फुकटचा तांदूळ नव्हे. पॉवर टिलर तासाच्या भावाने येतो. लावणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी, दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण, आणि त्या जेवणात नुसती सुकट चालत नाही आता. मग खत, कापणी, झोडणी, गिरणी. शंभर किलो भात भरडलं की साठ-पासष्ट किलो तांदूळ पदरात, बाकी तूस आणि कोंडा. घरातली माणसं राबतात त्याची मजुरी लावली तर दुकानातला कोलम आमच्या तांदळापेक्षा स्वस्त पडतो. तरीही लावतो, कारण कुणग्यात (भाताच्या खाचरात) गवत दिसलं की सासूबाई जेवत नाहीत. याला काटकसर म्हणायचं की खोड, ते निवांतांनी ठरवावं.

रेशन घ्या म्हणाल. जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो फुकट आहे, पण प्राधान्य कार्डाला. खेड्यात त्याची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ४४ हजार. म्हणजे महिन्याला चार हजारही नाहीत. माझा नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, सोळा हजार मिळतात. आमचं कार्ड केशरी, पण प्राधान्यात नाही. गरीब म्हणावं इतके गरीब नाही आणि सुटावं इतके श्रीमंत नाही, अशी आमची जात.

सरपणाचं विचारूच नका. नारळाची सोडणं, झावळ्या, पोयी, काजूच्या वाळक्या फांद्या मे महिन्यात पडवीत रचायच्या, त्यातल्या अर्ध्या पावसाने सर्द होतात. आमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, म्हणून सिलिंडर दोन महिने ओढता येतो. पण तिन्हीत्रिकाळ स्वैपाक चुलीवर करा सांगणाऱ्यांनी श्रावणात एकदा ओल्या लाकडाने पेज शिजवून दाखवावी.

आता खरा पैसा कुठे जातो ते सांगते. भाजीत नाही. सासूबाईंना बीपी आणि साखर. रक्त तालुक्याला, सोनोग्राफी चिपळूणला, आणि डॉक्टरांनी ‘एकदा मोठ्या ठिकाणी दाखवा’ म्हटलं की कोल्हापूर नाहीतर मुंबई. अशी एक फेरी झाली की वर्षभर कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करून वाचवलेलं एका दिवसात साफ. मुलीला एसटीचा पास फुकट आहे (पाचवी ते बारावी मुलींना असतो), मुलाला एक तृतीयांश भरावे लागतात, मला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. नवरा पूर्ण भरतो. यावर लग्नं, बारशी, अकरावीची ॲडमिशन आणि गणपती. गणपतीचा हिशेब इथे लिहिला तर घरात भांडण होईल.

रिचार्ज? नवऱ्याला भाडं फोनवरच लागतं. तो बंद ठेवून पैसे वाचवायचे का?

निवृत्त_निवांत

ताई, मी वहीत लिहून हिशेब ठेवतो. आकडे हवेत नाहीत. किराणा ४२००, वीज ६००, दूध, गॅस, कामवाली बाई धरून दहा हजारांच्या आत. आम्ही दोघंच असतो, मुलगी-जावई येऊन-जाऊन, म्हणून चौघं म्हटलं. आमच्या आईने सात मुलं कुळथाची पिठी आणि पेजेवर वाढवली, कधी रडगाणं गायली नाही. हल्ली तक्रार करायची फॅशन झाली आहे.

शेणसडा

येऊन-जाऊन जावई! आणि कामवाली बाई दहा हजारांत! ती तिचं घर कितीत चालवते ते विचारलंत का कधी? पेन्शन किती, मेडिक्लेम कोण भरतं, घर बांधलं तेव्हाचे पैसे कुठून आले, हे वहीत कुठल्या पानावर आहे?

तिरफळ (मालवण)

निवांतानू, फुकटचे मासे खंय गावतत त्याचो पत्तो देवा, मी पिशयी घेवन येतंय. सुरमय, पापलेट, सरंगो बंदरार इलो की लिलाव, थंयसून बर्फात, मगे गोयाक नायतर मुंबैक. आमच्या ताटात पेडवे नि तारले. बांगडो स्वस्त झालो तर त्या दिवशी सगळो गाव बांगडो खाता.

पर्ससीनवाल्यांवर (मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी मासे घेरतत ते) ५ फेब्रुवारी २०१६ चो आदेश आसा, एलईडीचे दिवे लावन केलेली मासेमारी २०१७ पासून बंद आसा. खंय आसा? कागदार आसा. रात्री दर्यात बघा, दिवाळी दिसतली. रापणीत (किनाऱ्यार ओढूच्या जाळ्यात) पूर्वी गावच्याक वाटो गावायचो, आता रापण ओढूक माणसां नाय आणि ओढली तर जाळ्यात शेवाळ. १ जून ते ३१ जुलै बंदीत आमी सुक्या बांगड्यार दिवस काढतो. सोड्यांचो (सुक्या कोळंबीचो) भाव विचारून बघा, मटण स्वस्त वाटतला.

माडाखाली (राजापूर)

‘भाजी परसात’ वाचून मला हसावं की रडावं कळेना. माझ्याकडे विहीर आहे, बारमाही पाणी आहे, शेणखत घरचं आहे, आणि मी वांगी विकत घेतो. कोल्हापूर-बेळगावहून ट्रक येतो त्यातली. कारण माकडं.

पडवळ लागलं की कोवळं असतानाच ओरबाडतात. पपई, केळफूल, शेवग्याची फुलं, फणसाच्या कुयऱ्या काही ठेवत नाहीत. नारळ महागला तेव्हा पुण्याच्या भाच्याचा फोन आला, “मामा, चंगळ आहे तुमची.” चंगळ माकडांची आहे. कोवळे असताना तोडतात, पाणी पितात, खाली फेकतात. उरलेल्यांसाठी पाडेकरी बोलवायचा, तो झाडामागे पैसे घेतो, झाडावर नारळ चार असोत की चाळीस. कोकणातल्या घरखर्चावर लिहायचं तर पहिली ओळ माकडांची लिहा.

प्राणिमात्र

माकडं तिथे आपल्या आधीपासून आहेत. आपण त्यांचं जंगल तोडलं. थोडी भाजी खाल्ली तर काय बिघडलं?

माडाखाली

तुम्ही कुठे राहता?

प्राणिमात्र

कोथरूड. त्याचा काय संबंध?

माडाखाली

काही नाही. पुढच्या वेळी पकडलेली कोथरूडला सोडायला सांगतो. थोडीच खातात.

ठाणे_ते_लांजा

घाटात गाड्या थांबवून केळी खायला घालणारे लोक तुमच्याच भागातले असतात. माकडांना माणसाची सवय कुणी लावली? आणि आंब्याच्या कलमांच्या नावाखाली डोंगर उघडे कुणी केले, आम्ही मुंबईत बसून? प्रत्येक गोष्टीत चाकरमान्यांना शिव्या घालायच्या. घरपट्टी आम्ही भरतो, मंदिराचा जीर्णोद्धार आम्ही करतो, गणपतीत आठ दिवसांत गावात पैसा येतो तो आमचाच.

माडाखाली

तुमचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं, पण आता तुम्हीच उठून उभे राहिलात तर ऐका. माझ्या बांधाला लागून तुमच्यासारख्याच एकाची जमीन आहे. कित्येक वर्षं पडीक. घाणेरी, रानमोडी, करवंदीच्या जाळ्या, आत दिवसा अंधार. तिथे रानडुकरं राहतात, रात्री माझ्या भातात. फोन केला की म्हणतात “साफ करून घ्या ना, पैसे पाठवतो.” पैसे कधी आले नाहीत. भात लावणं सोडलं मी. दुकानातून तांदूळ आणतो. हा खर्च कुणाच्या नावावर टाकू?

ठाणे_ते_लांजा

मग विकत घ्या ना जमीन, कुणी अडवलंय?

माडाखाली

कुणाकडून घेऊ? सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. त्यातली काही वर गेली, काही बडोद्यात, एक दुबईत. माझ्या स्वतःच्या जमिनीचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर, कारण वारस लावायला काका-आत्यांचे दाखले गोळा करायचे म्हणजे जन्म जाईल. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला गेलो तर ऑफिसात पहिला प्रश्न: “नाव तुमचं कुठे आहे यात?” पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि नमो शेतकरीचे ६०००, मिळून १२ हजार शेजाऱ्याच्या खात्यात येतात. तो एक काजूचं झाड सांभाळतो. मी सगळं कसतो आणि मला शून्य. निवांत साहेब, हे तुमच्या वहीत बसवा.

तिरफळ

माझ्या आजोळात एका घरात तीन चुली नि चवथ्या चुलीसाठी कोर्टात केस. घर पडाक इला, पण कौल कोण घालतलो ह्यार निकाल नाय.

ठाणे_ते_लांजा

सही द्यायला आम्ही नाही म्हणालो नाही कधी. पण गावातल्या भावाने आधी मोजणी आणून सगळ्यांना दाखवावी. गोड बोलून सह्या घेतात आणि नंतर रस्त्यालगतची जमीन स्वतःकडे. आमच्या घरात झालंय हे. माझ्या वडिलांनी पगारातून मनीऑर्डरी पाठवून बांध घातला, विहीर खणली, आणि शेवटी हिश्श्याला आली कातळाची पट्टी. त्यामुळे ‘पडीक ठेवली’ म्हणताना जरा जपून.

शेणसडा

घरखर्चाचा धागा माकडांनी पळवला आणि आता तलाठ्याच्या दारात नेऊन बसवला. कुणाला काटकसरीवर बोलायचंय का?

आगोटवाली (श्रीवर्धन)

मी बोलते. मी शेणसडाच्या बाजूची आहे, पण निवांतांचं एक म्हणणं मला पटतं आणि ते सांगितलं की सगळ्या तरुण सुना माझ्यावर धावून येणार.

आमच्या लहानपणी मे महिन्यात आगोटीची (पावसाळ्याच्या बेगमीची) तयारी म्हणजे युद्ध असायचं. कुळीथ, वाल, सुके बोंबील, जवळा, आमसुलं, सांडगी मिरची, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून. जूनमध्ये बाजार बंद पडला तरी घर चालायचं. आता? आठळ्या कचऱ्यात. घराच्या मागे रतांब्याचं (कोकमाचं) झाड आणि आमसुलं दुकानातून पाकिटात. पहिल्या पावसात टाकळा, कुरडू, भारंगी अशी रानभाजी उगवते, ती तुडवत जाऊन बाजारातून कोबी आणायचा. शंभर रुपयांचा मसाला पाकिटात घ्यायचा आणि नारळ महाग म्हणून ओरडायचं. हे मी माझ्याच घरात बघते, परक्यांचं सांगत नाही.

पण काटकसरीने माणूस वाचतो असं कुणी सांगू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमची सुपारीची बाग एका दुपारी आडवी झाली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्या बागेवर आमचं वर्ष चालायचं. वालाची डाळ डब्यात भरून ठेवली होती, ती होती. पण डाळीने कर्ज फिटत नाही.

शेणसडा

आठळ्यांचं मान्य, काकू. टाकळ्याचंही. पण एक विचारते, राग धरू नका. ती आगोट भरायला घरात किती बायका होत्या? माझ्या घरात मी आणि सत्तरीच्या सासूबाई. मी सकाळी अंगणवाडीच्या पोषण आहाराचं शिजवायला जाते, दुपारी बचत गटाचे काजू सोलते. त्या काजूला किलोमागे मिळतात ते पैसे आमसुलं घालत बसण्यापेक्षा जास्त आहेत. हिशेब मीही करते, वही नसली तरी.

औषधांचं मात्र एक सांगते, कुणाला उपयोग झाला तर. चिठ्ठीवरचं कंपनीचं नाव सोडायचं, खालचं औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि जनऔषधीच्या (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या) दुकानात दाखवायचं. सासूबाईंच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या आमच्या दुकानापेक्षा निम्म्याहून कमी पैशांत मिळाल्या. बाकी सगळ्या काटकसरीपेक्षा या एका गोष्टीने जास्त वाचले.

निवृत्त_निवांत

वा, म्हणजे काटकसरीने वाचतं हे शेवटी तुम्हीच सांगितलंत. आनंद आहे. माझी पेन्शन आणि माझा जावई यांच्यावर झालेली चर्चा दोघांना वाचून दाखवली, जावई यापुढे येताना मासे स्वतःचे घेऊन येणार म्हणतो.

कामवालीला विचारलं. तिच्या घरात पाच माणसं. आकडा मी इथे लिहीत नाही, तुम्ही लगेच उड्या माराल. जनऔषधीचं दुकान कुठलं, तालुक्याचं का? बीपीच्या गोळ्या मलाही आहेत.

शेणसडा

हो, तालुक्याचं. आणि आकडा लिहाच.

माडाखाली

ते होत राहील. पडीक जमिनी साफ करायचा आणि माकडं पकडायचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडतोय. प्रत्येक वाडीतून जमीनमालकांच्या सह्या हव्यात. ठाणे_ते_लांजा, तुम्ही गणपतीला येणार, म्हणजे ग्रामसभा होऊन गेल्यावर. सहीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवू का, की आधी मोजणी दाखवू?

ठाणे_ते_लांजा

आधी मोजणी.