फर्स्ट अँगल की थर्ड अँगल: आधी टायटल ब्लॉक बघा
बडोद्यात डिप्लोमाला फर्स्ट अँगल शिकलो, आता मकरपुऱ्याच्या कारखान्यात अमेरिकन ग्राहकाची थर्ड अँगल ड्रॉइंग येतात नि गोंधळ होतो, असं तुम्ही लिहिलंय. या दोन्ही ड्रॉइंगमध्ये व्ह्यू (वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी चित्रं) मांडायच्या पद्धती आहेत: उजव्या बाजूने दिसणारा व्ह्यू थर्ड अँगलमध्ये समोरच्या व्ह्यूच्या उजवीकडे येतो, फर्स्ट अँगलमध्ये डावीकडे. बाकी सगळे म्हणतात, सरावाने जमेल. जमेल, पण आधी टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतलं, छाटलेल्या शंकूचं चिन्ह बघायची सवय लावा. दोन वर्तुळं शंकूच्या लहान टोकाकडे असली तर थर्ड अँगल, मोठ्या टोकाकडे असली तर फर्स्ट.

सममित पार्टमध्ये व्ह्यू उलटा वाचल्याची चूक दिसतच नाही, म्हणून ती अंगवळणी पडते आणि असममित पार्टमध्ये घातक ठरते. ४० मिमी रुंदीचा एल-ब्रॅकेट घ्या, उभ्या पायावर एका कडेपासून १२ मिमीवर एकच होल. साइड व्ह्यू उलटा वाचला की होल समोरच्या कडेऐवजी मागच्या कडेला जातो. मापं तपासली तर सगळी बरोबर, पण डाव्या हाताचा पार्ट उजव्या हाताचा झालेला असतो आणि अख्खा लॉट भंगारात.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंगच्या शीटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रोजेक्शनचा प्रकार निवडा, तोही पहिला व्ह्यू टाकण्याआधी. ऑटोकॅडमध्ये साधं टूडी काढताना सॉफ्टवेअर काही अडवत नाही, तिथे सगळी जबाबदारी तुमचीच. जुनं टेम्प्लेट उचललंत तर त्यातलं चिन्ह तुमच्या व्ह्यूंशी जुळतंय का, हे प्रिंट देण्याआधी हमखास ताडून घ्या.