दरीत पियानो न्यावा का? मोआबच्या ग्रोटो मैफलीवरून एक वाद

नदीकाठ:
गेल्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब म्युझिक फेस्टिव्हलची ग्रोटो मैफल ऐकून आलो. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत वाद पेटला आहे, म्हणून इथे मांडतो.

मोआब हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन राष्ट्रीय उद्यानं त्याच्या उशाशी. व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) वाजवणाऱ्या लेस्ली टॉमकिन्स आणि पियानोवादक व कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंद चालवणारे, मायकेल बॅरेट यांनी १९९२ साली हा महोत्सव सुरू केला. ग्रोटो म्हणजे लाल खडकातली प्रचंड घळ. तिथे रस्ता नाही. कोलोरॅडो नदीतून जेट बोटीनं पाऊण तास जायचं. श्रोते बोटीनं, वादक बोटीनं आणि पियानोसुद्धा बोटीनंच.

तिथे वाजतं ते चेंबर म्युझिक, म्हणजे मुळात दिवाणखान्यातलं संगीत. तीन-चार ते सात-आठ वादक, कंडक्टर नाही, एकमेकांच्या श्वासावर चाललेलं. आपल्या घरगुती बैठकीसारखंच. दीड-दोन हजारांच्या सभागृहात त्यातली निम्मी जवळीक हरवते. घळीत माईक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. शूबर्ट या संगीतकाराच्या पंचकाचा, म्हणजे पाच वादकांच्या रचनेचा, संथ भाग चालू होता. त्यात दोन चेलो असतात, खर्जातली मोठी व्हायोलिनंच म्हणा. दुसरा चेलोवादक तारा बोटांनी छेडत होता आणि प्रत्येक स्वर मागच्या भिंतीवरून पाठीवर हात ठेवल्यासारखा येत होता. तेवढ्यात वरच्या कपारीतून कॅन्यन रेन हा चिमुकला पक्षी बोलला. वरून खाली घरंगळत येणारी त्याची शीळ म्हणजे अवरोही तानच. वादक थांबले नाहीत, पण पहिल्या व्हायोलिनवादिकेनं डोळे वर केले. मी असं ऐकणं आयुष्यात अनुभवलं नव्हतं. माझं उत्तर आहे, न्यावा.

वाळूवाट:
नदीकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, पण मला हे पटत नाही. मी याच नदीवर वल्ह्याच्या राफ्टनं सहा दिवस काढले आहेत. जेट बोट दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येते आणि गेल्यावरही भिंतींत घुमत राहते. तुम्हाला दोन तासांचं शूबर्ट मिळालं, त्याची किंमत नदीवरच्या बाकी सगळ्यांनी मोजली.

तिथली शांतता म्हणजे रिकामी जागा नव्हे, की आणा पियानो आणि भरा. मेसियाँ हा फ्रेंच संगीतकार १९७२ साली याच युटातल्या ब्राइस कॅन्यनमध्ये गेला. पक्ष्यांचे आवाज टिपले, खडकांचे रंग पाहिले, घरी जाऊन ‘दे काँयाँ ओ-झेत्वाल’ (दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत) लिहिलं आणि ते १९७४ साली न्यूयॉर्कच्या सभागृहात वाजलं. त्यानं दरी सभागृहात आणली. सभागृह दरीत न्यायची गरज त्याला पडली नाही. आपलंच बघा. वेरूळ-अजिंठा महोत्सव संभाजीनगरच्या सोनेरी महालात भरतो, कैलास लेण्यात नाही. म्हणून गाणं कमी रंगतं का?

चेलोवाली:
मी हौशी चेलोवादक आहे, तेवढ्यापुरतंच बोलते. वाळवंटी हवेत दुपारी दमटपणा इतका उतरतो की लाकूड आकसतं, खुंट्या सैल होतात, सांधे सुटतात, पुढच्या फळीला चीरसुद्धा जाते. म्हणून पेटीत ओलाव्याची नळी ठेवावी लागते, आणि शक्य असेल तर चांगलं वाद्य घरी ठेवून दुसरं नेतात. स्वरलिपीची पानं कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची. एवढा त्रास घेऊन कुणी वाजवतं, ते केवळ देखाव्यासाठी नसतं. पण पियानो बोटीत घालणं मलाही जास्तच वाटतं.

बाकावरचा:
तिकीट शेकडो डॉलरचं. म्हणजे घळ सगळ्यांची, मैफल मोजक्यांची. माझा आक्षेप एवढाच.

नदीकाठ:
तिकिटाचं मान्य आहे, मीही वर्षभर पैसे बाजूला टाकून काढलं. पण हाच महोत्सव गावातल्या बागेत फुकट मैफल करतो आणि शाळांतही जातो.

जुनी खाण:
वाळूवाट, शांततेच्या मुद्द्यावर थोडं थांबा. चार्ली स्टीनला १९५२ साली मोआबजवळ युरेनियमचा साठा सापडला आणि गावाचं नशीब पालटलं. ते खनिज दळणाऱ्या गिरणीचा १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी गाळ नदीच्या अगदी काठावर पडून होता. २००९ साली तो रेल्वेनं तीसेक मैल उत्तरेला हलवायला सुरुवात झाली. त्या नदीवर थोड्या श्रोत्यांची बोट जाते म्हणून हळहळणं मला कळत नाही. लोकांनी तिथे प्रेमानं बसून काही ऐकलं, तर उद्या ती दरी राखायला तेच उभे राहतील.

वाळूवाट:
आधी ओरबाडलं गेलंय, म्हणून तर आता जपायचं. आणि प्रेमानं आलेल्यांचे पायही पायच असतात. तिथल्या वाळूवर काळपट, खडबडीत साय दिसते. ती जिवंत माती आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी वाळूचे कण शिवून ठेवलेले असतात, म्हणून तर वाऱ्यानं वाळवंट उडून जात नाही. मी गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिली आहे, कापसाच्या धाग्यांसारखे बारीक तंतू दिसतात. एक बूट पडला की ते तुटतात आणि पुन्हा विणायला कैक वर्षं, कधी कैक दशकं लागतात.

नदीकाठ:
ही माती मी तिथे पाहिली, पण ती काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही नदीकाठच्या वाळूतून गेलो, तरी पुढच्या वेळी पायाखाली बघून चालेन. घळीतली मैफल बंद करावी असं मात्र मी म्हणणार नाही. फार तर कमी करा. महोत्सवात म्युझिक हाइकही असते. बोट नाही, पियानो नाही. आखलेल्या पायवाटेनं चालत जायचं आणि खडकावर बसून ऐकायचं. तिला याल?

वाळूवाट:
बोटीला माझा विरोध कायम आहे. चालत असेल तर येईन. चेलोची पेटी माझ्या पाठीवर द्या.

चेलोवाली:
रिकामी पेटीच चार-पाच किलोची असते हो. आणि ती उन्हात ठेवायची नाही, तुम्ही उन्हात बसलात तरी चालेल.